पंपातली बॅटरी

बाभुळगावाहून बेंबळा नदीच्या अंगानं निघालं की काळ्या मातीचा लांब पट्टा लागतो. त्या पट्ट्यातल्या एका गावात नंदकिशोर राहतो. गावात नंदकिशोर नावाची दोन माणसं आहेत, म्हणून ह्याला लोक भेकड नंदू म्हणतात. तोंडावर म्हणतात. तो रागावत नाही, कारण ते खरं आहे आणि खऱ्यावर रागावण्याचीही त्याला भीती वाटते.

लहानपणी वीज कडाडली की तो ज्वारीच्या कोठीमागं जाऊन बसायचा. आई वच्छलाबाई हाका मारून दमायची. विहिरीत तो कधी उतरला नाही. वावरात जाताना पुढं काठी आपटत जायचा, सर्पानं वाट सोडावी म्हणून. लग्नात तर घोड्यावर बसलाच नाही. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत नवरदेव पायी आला आणि घोडा मागून आला. वऱ्हाड पोट धरून हसलं. नवरी दिपालीनं अंतरपाटाआडून ते हसणं ऐकलं होतं, आणि पुढं कित्येक वर्षं भांडणात ते वापरलं.

"घोड्याले भेलेला माणूस तुमी. मले काय धाकात ठेवसान!"

तर हा असा माणूस कॉम्प्युटरकडे वळला तोही भीतीनंच. घराची रस्त्याकडची खोली मोकळी करून त्यानं तिथं एक जुनं मशीन मांडलं होतं. लोकांचे अर्ज भरायचे, सातबारा काढून द्यायचा, पोरांचे निकाल पाहायचे. वावराचं काम धाकटा भाऊ पिंटू जास्त करायचा, नंदकिशोर हाताखाली. सगळं बरं चाललं होतं. मग एक दिवस कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सकाळी मशीन उघडलं तर गावातल्या माणसांचे फोटो, दाखले, अर्धे भरलेले अर्ज, सगळं गायब. नंदकिशोर दार लावून बसला. लोक काय म्हणतील, ह्या विचारानं त्याला थंडी वाजून आली.

बाभुळगावच्या एका मास्तरांनी त्याला सांगितलं, मशीन चालवायला लिनक्स म्हणून एक आहे, त्यात हे किडे शिरत नाहीत. फुकट आहे, चकतीही घरपोच येते. फुकट म्हणून किंवा नवल म्हणून माणसं नवं काही घेतात. ह्यानं घेतलं ते किडे शिरत नाहीत एवढ्या एका शब्दावर. चकती टपालानं आली. पोस्टमननं ती लग्नपत्रिकेसारखी वर करून चावडीवर सगळ्यांना दाखवली आणि मग दिली.

आता इथं नंदकिशोरची खरी गोष्ट लागते. त्याला कुणी शिकवलं नाही. इंग्रजी त्याला बारावीपुरतंच यायचं. पण तो शेतकऱ्याच्या पोटचा होता आणि शेतकऱ्याला एक विद्या येते: जमीन हाती आली की तिला आपल्या वळणावर आणायचं. त्यानं मशीनला वळण लावलं. नवा प्रोग्राम बसवायची लांबलचक आज्ञा तोडून त्यानं आपली एक छोटी आज्ञा केली, "पेर". काढून टाकायची केली "निंद". फायलींच्या जागांना नावं दिली वरचं वावर, खालचं वावर आणि खळं. भरून झालेला अर्ज खळ्यात जायचा. माऊस त्याच्या हाताला कधी रुचला नाही, म्हणून सगळी कामं कळांवर बसवली. अमुक दोन कळा दाबल्या की छपाई, तमुक दोन दाबल्या की सातबाऱ्याचं पान. कळफलकावरच्या काही कळांची कामंसुद्धा त्यानं अदलाबदल करून आपल्या बोटांना सोयीची केली. पडदा काळा, अक्षरं पांढरी, बाकी काही नाही. आणि मशीन उघडलं की सगळ्यात आधी त्यानंच लिहून ठेवलेली एक ओळ यायची: राम राम. पाहून चाल.

दुसऱ्या कुणाला ते मशीन चालवताच येत नव्हतं. ह्याचा त्याला गर्व होता. भेकड माणसाला गर्व करायला जागा कमी असते, म्हणून तो ह्या एका जागी दाटून होता.

दिपाली एकदा म्हणाली, "तुमचं मशीन म्हणजे सासूबाईचं चूलखंड झालं. डबा कुठी ठेवेल हाय थे त्यायलेच माहीत."

"मी ऐकून राह्यली हो!" वच्छलाबाई ओसरीवरून ओरडल्या.

आणि निंदणाची तर त्याला चटकच लागली. पराटीत तण वाढलं तर ते पिकाच्या आधी खाऊन घेतं. कपाशीचं हे साधं गणित त्यानं मशीनला लावलं. खेळ उपटले. चित्रं काढायचं उपटलं. गाणी वाजवायचं उपटलं. जुनं मशीन हलकं झालं, पळायला लागलं. नवी आवृत्ती आली की मशीन विचारायचं, घेऊ का? हा नाही म्हणायचा. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?

असंच एकदा दुपारी त्याची बोटं घाईत भलत्याच कळांवर पडली आणि मशीन बोललं.

पत्र्याच्या डब्यातून कुणी बोलावं तसा आवाज. इंग्रजी, भराभर, न थांबता. नंदकिशोर खुर्चीसकट मागं सरकला. बाहेर वच्छलाबाई तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

"कोन बाई बोलते रे तुह्या खोलीत?"

त्यानं सरळ भिंतीतली पिनच उपटली. नंतर शोधून पाहिलं तेव्हा कळलं की भूतबीत काही नव्हतं. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते वाचून दाखवणारा तो एक प्रोग्राम होता. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी केलेला.

"आपल्याले कायले पाह्यजे?" असं तो स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं तो मुळासकट निंदून टाकला. परत कधी आवाज येऊ नये म्हणून आवाजाची सगळी व्यवस्थाच काढून टाकली. त्या दिवसापासून मशीन मुकं झालं.

मग दोन हजार सतराचा तो हंगाम आला.

त्या साली पराटी अशी वाढली की माणूस आत शिरला की दिसेनासा व्हायचा. वाढ पाहून आधी लोक खूश झाले. मग बोंडात अळी पडली आणि गावोगाव फवारणीचे पंप निघाले. श्रावणात नंदकिशोरच्या घरच्या पंपाची बॅटरी बसली. दुकानात नवी मिळेना. पाठीवरच्या पंपातली बॅटरी आणि कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली बॅटरी जवळपास एकाच मापाची असते, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. नंदकिशोरनं यूपीएस उघडलं, बॅटरी काढली, पंपात बसवली. फवारणी सरली की परत लावू, एवढाच विचार. लाईन असेपर्यंत यूपीएस बॅटरीशिवायही चालायचं. लाईन गेली की मशीन बंद पडायचं, पण तेव्हा त्याची पंचाईत नव्हती.

भादव्यातल्या एका सकाळी पिंटू तालुक्याला गेला होता, म्हणून पंप नंदकिशोरनं पाठीवर घेतला. वारा पूर्ण पडलेला. पायाखाली सर्प असेल ह्या भीतीनं तो खाली पाहत चालला होता, आणि डोक्यावरच्या पानांवर मारलेलं औषध वरून ठिबकत होतं. किती ठिबकतं ते पाहायला त्यानं मान वर केली.

सांजेला डोळे चुरचुरले. सकाळी उठला तर घरात धूर कोंडलाय असं वाटलं. "चूल काहून एवढी धुपून राह्यली?" त्यानं विचारलं. दिपालीनं चूल पेटवलीच नव्हती.

यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्यासारखी पुष्कळ माणसं खाटांवर होती. त्यांची तोंडं त्याला दिसली नाहीत, बोलणं मात्र ऐकू यायचं. कुणी दिग्रसकडचा, कुणी पांढरकवड्याकडचा. रात्री कुणी बोलत नसे. शेजारच्या खाटेवरचा एक माणूस सकाळी नुसता बोलेनासा झाला, आणि दुपारी त्या खाटेवर वेगळाच माणूस खोकत होता. नंदकिशोरनं कुणालाही काही विचारलं नाही.

घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, "धुकं हळूहळू निवळेल. किती निवळेल, ते आत्ता सांगता येणार नाही."

घरी आल्यावर तो आईला रोज सांगायचा, आज काल्हच्यापेक्षा बरं हाय. ते खोटं होतं. उजेड कुठं आहे तेवढं कळायचं. दारात कुणी उभं राहिलं तर पांढऱ्या पडद्यामागं सावली हलल्यासारखं दिसायचं. सावली कुणाची, हे पावलांवरून ओळखायचं. पण दिवस जात होते आणि पडदा तेवढाच दाट होता, आणि हे फक्त त्याला ठाऊक होतं. ही भीती विजेसारखी नव्हती. वीज कडाडून थांबते तरी.

एक दिवस घरात कुणी नाही असं पाहून तो चाचपडत रस्त्याकडच्या खोलीत गेला. खुर्चीवर बसला. बटण दाबलं. पंखा फिरला, आतली चकती गुरगुरली, आणि त्या ओळखीच्या आवाजानं त्याचा जीव क्षणभर थाऱ्यावर आला. बोटं कळांवर ठेवली. बोटांना सगळं आठवत होतं. कुठली कळ कुठं, वरच्या वावरात कसं जायचं, खळं कसं उघडायचं. त्यानं लिहिलं, दाबलं, पुन्हा लिहिलं.

आणि मग थांबला. समोर काय आलं? मशीननं काही विचारलं असेल का? त्यानं नकळत कशाला हो म्हटलं असेल का? हातात नांगर आहे, बैल चालताहेत, पण तास सरळ जातंय की शेजाऱ्याच्या धुऱ्यात घुसलंय हे कळायला मार्ग नाही, असं झालं. ज्या मशीनला त्यानं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता, तेच आता त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हतं. आणि त्याला तो पत्र्याच्या डब्यातला आवाज आठवला. आपल्याच हातानं उपटलेला.

"काय करून राह्यले?" दिपाली दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

तो दचकला. मग म्हणाला, "दिपाली, मले दिसून नाही राह्यलं. काल्हच्यासारखंच हाय. परवाच्यासारखंच हाय."

ती आत आली आणि त्याच्या शेजारी लाकडी पेटीवर बसली.

"मायले नोको सांगू."

"त्यायले ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी भाकरीवर तिखट समजून मीठ घेता. थे काय त्यायले दिसत नाही? काय करा लागते ह्या मशीनचं, थे सांगा."

त्यानं सांगितलं. बोलणारा प्रोग्राम परत पेरायचा. तो बसला तर मशीन वाचून दाखवेल आणि मग डोळ्यांचं काहीही झालं तरी हात चालू राहतील. पण मशीन जुनं होऊन बसलं होतं. एवढी वर्षं प्रत्येक नवी आवृत्ती त्यानं भीतीनं नाकारली होती. आता जुन्या आवृत्तीला कुणी पोसत नव्हतं. म्हणजे आधी पायापासून सगळं नवं करायचं, मग आवाज. आणि ते नवं होत असताना, जुनं काढून नवं घालायच्या मधल्या वेळात लाईन गेली, तर मशीन ना जुनं राहणार ना नवं. दगड होऊन बसणार.

"आन् लाईन तं कवाही जाते," दिपाली म्हणाली.

"होय."

"तुमी वाचा म्हनसान थे मी वाचीन. पन मले अक्षरं येतात, अर्थ नाही येत."

"अक्षरंच पाह्यजे."

मोबाईलच्या नेटवरून सामान उतरवायला दोन दिवस लागले, दिपालीचा फोन संपला की पिंटूचा. उतरताना लाईन गेली तरी भीती नव्हती. पेरणीआधी बियाणं घरी आणण्यासारखंच ते. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर दिपाली पडद्यासमोर बसली आणि एकेक अक्षर वाचू लागली. तिची दहावी गावच्या शाळेत झालेली. ती इंग्रजी असं वाचायची जसं कुणी निवडुंगातून पाय टाकत चालावं.

"वाय हाय. मंग मोठं एन."

नंदकिशोरचं बोट वायवर, म्हणजे होकाराच्या कळेवर गेलं आणि तिथंच राहिलं. एकदा दाबलं की मागं फिरता येणार नव्हतं.

"दाबा ना!" दिपाली म्हणाली. "का घोडा आनू?"

त्यानं दाबलं.

चकती गुरगुरू लागली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. "लई जोऱ्यात पयतात, मले नाही वाचता येत," ती म्हणाली. तो म्हणाला पळू दे, थांबलं की सांग. खोलीत उकडत होतं. वरचा पंखा फिरत होता आणि त्याचे कान त्या पंख्यावर होते. बराच वेळ असाच गेला, आणि मग पंख्याची फेरी जड झाली. अशी फेरी जड झाली की आमच्याकडे लाईन थोड्या वेळात जाते. लोक तोवर दळण आटोपतात, मोटारी बंद करतात.

"पंप कुठी हाय?" नंदकिशोरनं विचारलं.

"पंप?" दिपालीला कळेना. मग कळलं आणि ती उठली.

पंप वच्छलाबाईंनी गोठ्यामागं नेऊन टाकला होता, डोळ्यांसमोर नको म्हणून. पण दिपाली अंगणात गेली तर पिंटू तो धुऊन पाठीवर घ्यायच्या तयारीत होता. खालच्या वावरात अळीनं बोंडं पोखरली होती आणि आज वारा पडला होता.

"वयनी, हात काढा. मले जायाचं हाय."

"बॅटरी पाह्यजे. लाईन चालली."

"त्याच्या मशीनसाठी मी वावर मारू? सालभर काय त्याचं मशीन खासान?"

दोघांचं बोलणं खिडकीतून आत येत होतं. नंदकिशोर उठला. खुर्चीला, मग दाराच्या चौकटीला, मग ओसरीच्या खांबाला धरत तो अंगणात आला आणि आवाजाच्या दिशेनं तोंड करून उभा राहिला. दिशा जरा चुकली होती. तो तुळशीकडे पाहून बोलत होता, आणि ते पाहून पिंटूचा हात पंपावरून सुटला.

"पिंटू, मले भेव वाटून राह्यलं," नंदकिशोर म्हणाला. "मशीनचं वाटते. पन तू पंप घेऊन चालला, ह्याचं त्याच्याहून जास्त वाटते."

पिंटू पुटपुटला, "तुले तं सगळ्याचंच भेव वाटते." पण बॅटरी खोलायला पेचकस त्यानंच आणला. "सरका वयनी. हे तुमच्यानं नाही होत."

बॅटरी खोलीत आली आणि तिच्याबरोबर तो वास आला. पंप धुतला होता, तरी वास होता. नंदकिशोरच्या डोळ्यांतून घळघळ पाणी सुटलं, पाय खोलीबाहेर पळू पाहू लागले. तोच वास, तोच पडलेला वारा. दिपालीनं त्याच्या नाकाला ओला पदर लावला. यूपीएसच्या तारा त्यानंच हातानं शोधून दिल्या. पिंटू लाल-काळा पाहून लावत होता. दुसरी तार बसली, पिंटूनं हात बाहेर काढला आणि वरचा पंखा थांबला.

लाईन गेली होती. यूपीएस टीं टीं करायला लागलं. चकती गुरगुरतच होती.

"किती येळ चालन हे?" पिंटूनं विचारलं.

"थोडकाच. पंपातून आलेली बॅटरी हाय, दमेल हाय." नंदकिशोरनं घाम पुसला. "दिपाली, पडदा बंद कर. तो लई खातो."

"मंग मले कसं दिसन?"

"मले तरी कुठी दिसते?"

तिनं बटण दाबलं. पडदा काळा झाला. आता त्या खोलीत कुणालाच काही दिसत नव्हतं. दिवसाढवळ्या दोन डोळस आणि एक आंधळा एका रांगेत बसले आणि नुसतं ऐकू लागले. वच्छलाबाईही केव्हातरी येऊन दाराशी टेकल्या होत्या. आत चकती चालली होती, उंदीर कणगी कुरतडतो तशी. मध्येच जोरात, मध्येच हळू. टीं. मग चकती. टीं. दिपालीनं त्याचं मनगट धरलं होतं आणि तिची नाडी त्याला आपल्या हाडात कळत होती. आजवर ह्या भीतीत तो एकटा बसत आला होता. आज घर बसलं होतं.

चकती थांबली.

"झालं?" पिंटू कुजबुजला.

"झालं तरी, नाहीतर काही विचारून राह्यलं. पडदा लाव, लवकर."

पडदा उजळला. दिपाली अक्षरं लावू लागली, आणि घाईनं तिची जीभ अडखळली. "के... ई... वाय... बी..."

कळफलकाची फाईल. नंदकिशोरला कळलं. त्यानं बदललेली ती फाईल मशीनला सापडली होती, आणि मशीन विचारत होतं, तुझी ठेवू की नवी घालू? नवी घातली असती तर त्याच्या बोटांना पाठ असलेली एकही वाट जागेवर राहिली नसती. त्या वाटाच आता त्याचे डोळे होते.

"खाली काय उत्तरं हाय? नीट पाहून सांग. एक-एक."

"वाय... नाहीतर आय. एन... नाहीतर ओ."

त्यानं एन दाबलं. माझी राहू दे. चकती पुन्हा कुरतडू लागली. पडदा पुन्हा बंद. यूपीएसचं टीं टीं आता जवळजवळ येऊ लागलं होतं, शेवटचा श्वास जवळजवळ येतो तसं, आणि नंदकिशोरला शेजारची ती खाट आठवली. त्यानं ओठ दाबून धरले. चकती चालली, चालली, आणि एकदाची गप्प झाली. पडदा लावला. दिपाली म्हणाली पुन्हा वाय आणि एन आलं. मशीन बंद करून परत सुरू करायची परवानगी मागत होतं. त्यानं वाय दाबलं. मशीनचा पंखा थांबला आणि त्याच दमात यूपीएसनं एक लांब सूर काढला आणि तेही मेलं.

मशीन स्वतः झोपलं होतं की मारलं गेलं होतं, हे कुणालाच सांगता येईना.

दिवेलागणीला लाईन आली. तोवर कुणी चहाही घेतला नव्हता. नंदकिशोरनं बटणावर बोट ठेवलं आणि काढलं, ठेवलं आणि काढलं. शेवटी वच्छलाबाई म्हणाल्या, "दाब रे बाप्पा. मेलं असन तं मेलं. तू तं हायस ना."

त्यानं दाबलं. चकती गुरगुरली. दिपालीनं पडद्याकडे पाहिलं, आणि ती बोलायच्या आधीच तिचा सुटलेला श्वास त्याला ऐकू आला.

मग त्यानं पेरलं. आधी आवाजाची व्यवस्था, मग बोलणारा प्रोग्राम. कळा सगळ्या आपल्या जागेवर होत्या. शेवटची कळ दाबली आणि मशीन घसा खाकरल्यासारखं खरखरलं. त्याला मराठी यायचं, पण चाकोरी सोडून चालणाऱ्या बैलबंडीसारखं. कुठल्याही शब्दावर कसाही जोर. समोर जी ओळ होती ती त्यानं वाचली:

"राम राम. पाहून. चाल."

नंदकिशोरला आपलीच ओळ ओळखायला एक क्षण लागला. इतकी वर्षं मशीन उघडताना ती ओळ त्याच्या समोर यायची आणि तो ती न वाचता पुढं जायचा.

"कोन बाई बोलते रे?" वच्छलाबाई म्हणाल्या, आणि ह्या वेळी त्या रडत होत्या.

"बाई नाही वो माय, मशीन हाय," पिंटू म्हणाला. "बोलते मात्र तुह्यासारखंच. येताजाता उपदेश."

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदकिशोर खुर्चीवर बसून मशीनच्या तोंडून एकेक फाईल ऐकत होता. वरचं वावर, खालचं वावर, खळं. सगळं जागेवर होतं. डोळ्यांसमोरचा पांढरा पडदा मात्र तेवढाच दाट होता. दारात सावली आली. चपलांवरून त्यानं ओळखलं.

"दादा," पिंटू म्हणाला, "बॅटरी दे. वारा पडला हाय."

नंदकिशोरनं पाय सरकवून यूपीएसला टेकवला. "नाही देत."

"अळी सगळं खाऊन टाकन."

"खाऊ दे."

"आन् बॅटरी किती दिवस अडवशीन?"

"मले भेव वाटते तोवर." मग तो म्हणाला, "तुले माहीतच हाय मी किती भेतो थे."

पिंटू हसला नाही. सावली तशीच उभी राहिली. गावात दुसऱ्या कुणाची बॅटरी मागितली असती तर मिळाली असती, हे दोघांनाही माहीत होतं. नंदकिशोरनं मशीनला गप्प केलं आणि कान लावला. चपला अंगणात गेल्या. तिथून दोन वाटा होत्या, एक फाटकातून गावात आणि एक गोठ्याकडे. चपला थांबल्या.

मग गोठ्याच्या खुंटीवर रिकामा पंप अडकवल्याचा आवाज आला, आणि त्याचा पट्टा थोडा वेळ भिंतीवर आपटत राहिला.